मजलिसचं आतलं दार

आखातात, खलिफा सिटीतल्या एका व्हिलात मी स्वयंपाकाला आहे. घर अफगाणी कुटुंबाचं. साहेब तिकडे एका जिल्ह्याचे गव्हर्नर होते. सरकार परदेशी फौजेच्या आधारावर चाललेलं. फौज निघाली, सरकार पडलं आणि हे लोक इथे आले. बेगमसाहेब लहानपणी पेशावरला राहिलेल्या, त्यामुळे आमचं बोलणं हिंदीत होतं. त्या मला बाजी म्हणतात.

त्या शुक्रवारी जेवायला त्याच फौजेतला जुना अधिकारी येणार होता. आता तो दुबई मरीनाला नोकरी करतो. बेगमसाहेब म्हणाल्या, "मिर्ची कम डालो बाजी. फौजी का पेट कच्चा होता है."

गाजर किसता किसता त्यांनी मला सगळं सांगितलं. साहेबांच्या कचेरीवर पहारा फौजेचाच होता, त्याशिवाय त्यांचा एक दिवस निभला नसता. पण फौजेचे लोक त्यांना न विचारता गावातली घरं तपासायचे, बायकांच्या खोल्यांतही शिरायचे. मग गावकरी येऊन साहेबांना विचारायचे, तू आमचा गव्हर्नर की त्यांचा? साहेब छावणीवर जाऊन भांडायचे, की आधी मला सांगा, मी गावातली मोठी माणसं घेऊन दार उघडवतो. हा अधिकारी हो म्हणायचा आणि पुन्हा तेच.

आता त्याच्याकडेच काम होतं. बेगमसाहेबांचा धाकटा भाऊ साहेबांच्या कचेरीत कामाला होता. तो तिकडेच लपून राहिला होता. या माणसाने त्याच्यासाठी शब्द टाकला तर भावाला परदेशी जाण्याची परवानगी मिळणार होती. जेवण झाल्यावर विषय काढतो, असं साहेबांनी कबूल केलं होतं.

पुरुष मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या बैठकीत जेवले. तिला रस्त्याकडून वेगळं दार आहे. आतलं दार घरच्यांसाठी. थोड्या वेळाने मोठे आवाज यायला लागले. चहा देऊन आलेली त्यांची शाळकरी मुलगी म्हणाली, "परत तेच. घरं तपासायचं."

"मेरे भाई की बात?"

"नाही काढली."

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि तो अधिकारी रिकामं ताट घेऊन थेट स्वयंपाकघरात आला. भात छान झाला होता हे सांगायला आला होता. त्याच्या देशात ती रीत आहे, असं मुलगी नंतर म्हणाली. मी तोंड फिरवून सिंककडे वळले. बेगमसाहेबांच्या डोक्यावर काही नव्हतं, त्यांनी हात पुसायचं फडकंच ओढून घेतलं. मागून साहेब आले. मलाही कळेल असं सावकाश इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही आजही विचारलं नाही."

त्याचा चेहरा लाल झाला. माफी मागत तो मागे सरकला. मला वाटलं, भावाचं काम गेलं.

"रुको," बेगमसाहेब म्हणाल्या. "बाजी, स्टूल दो."

मी दिलं. त्या बोलत गेल्या, मुलगी इंग्रजीत सांगत गेली. "जो आतपर्यंत आला तो घरचा झाला. घरच्याला काम सांगता येतं." मग भावाचं सांगितलं. तो मांडीवर ताट धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, करतो, इन्शाल्ला.

"इन्शाल्ला नहीं. दिन बोलो."

त्याने सोमवार सांगितला.

तो गेल्यावरचं दोघांचं बोलणं मुलीने मला नंतर सांगितलं. साहेब म्हणाले, "त्याच्यापुढे मी कधी हात पसरला नव्हता."

"तुम्ही कुठे पसरलात? मी पसरला. भाऊ माझा आहे."

पुढचे काही दिवस साहेब मजलिसमध्ये एकटेच जेवले. ताट मी दारापर्यंत नेऊन ठेवायची.

परवानगी यायला बरेच महिने लागले, पण आली. भाऊ सुखरूप पोचल्याचं कळलं तेव्हा बेगमसाहेबांनी अधिकाऱ्याला फोन लावला आणि काही न बोलता तो साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी आभार मानले. मग मी भांडी आवरेपर्यंत साहेब आणि तो फोनवर पुन्हा त्या गावातल्या घरांवरून भांडत होते.