मामीनं ओल्या पोत्याखाली जपलेला दिवा

बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन मी नागपूरहून काटोलच्या एसटीत बसले, तेव्हा शिकलेलं सगळं भौतिकशास्त्र माझ्या अंगात मावत नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मामाच्या गावात वीज होती, पण त्याचं घर संत्र्याच्या बागेला लागून, पार टोकाला. तिथवर तारा पोचल्या नव्हत्या. म्हणून एका सरकारी साहेबांनी मामीच्या अंगणात उन्हावर चालणारा दिवा बसवून दिला होता. कमरेएवढ्या लोखंडी स्टँडवर काळपट निळ्या काचेची पाटी, खाली पेटीत बॅटरी आणि ओसरीवर एक छोटी ट्यूबलाइट.

दिवा आला तो मामीच्या वर्गासाठी. ती चौथी शिकलेली. दिवसभर बागेत राबणाऱ्या दहा-बारा बायांना तिनं संध्याकाळी लिहाय-वाचायला बसवलं होतं, त्यांच्या नवऱ्यांची कुरकुर स्वतः निस्तरून. पण दिवा महिनाभराच्या बोलीवर होता. नीट चालला नाही तर साहेब तो शेजारच्या गावाला देणार होते. आणि तो काही चालत नव्हता. रोज जेमतेम पंधरा मिनिटं जळायचा आणि विझायचा. साहेब परवा येणार होते, आणि मामीला जेवण जात नव्हतं.

"तू शिकलेली हायेस न वं? पाह्य बरं जरा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायरी ओढून पाहिल्या, बॅटरीतलं पाणी पाहिलं, ट्यूब काढून पुन्हा लावली. सगळं ठणठणीत. शेवटी दिवा बनवणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडत मी आत जाऊन पडले. मे महिन्यात दहानंतर तिकडे अंगणात कुत्रंही फिरकत नाही.

दुपारी पाणी प्यायला उठले, तर पाटीवर ओलं पोतं. डोक्याला पदर गुंडाळून मामी त्यावर लोट्यानं आणखी पाणी शिंपडत होती, अगदी मन लावून.

"मामी, हे काय करून राहिली तू?"

"काहून? एवढ्या उन्हात त्याले काही झालं तं? संत्र्याच्या रोपाले सावली करतोच न आपण. हे तं काच हाय. ऊन चढलं का रोज झाकून ठेवलं, म्हणून तं टिकलं."

मी तापलेल्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. ऊन लागू नये म्हणून त्या पाटीला कांदा बांधायचाच काय तो राहिला होता. मग सांगितलं, की काचेवर ऊन पडलं की वीज तयार होते, ती दिवसभर बॅटरीत साठते आणि अंधार पडल्यावर दिवा त्याच साठ्यावर जळतो.

मामीचा चेहरा पडला. "म्हणजे मीच त्याले उपाशी ठेवलं?" आणि मग तीही हसायला लागली. पोतं तिनं थेट गोठ्यात भिरकावलं. दुसरा अख्खा दिवस तिनं पाटीवर कोंबडीचीसुद्धा सावली पडू दिली नाही.

संध्याकाळी साहेब आले, तेव्हा वर्ग सुरू होऊन तास झाला होता. दिवा लख्ख. बाया पुस्तकात डोकं घालून एकेक अक्षर जुळवत होत्या. मला इतका आनंद झाला होता की मी साहेबांना पाणी द्यायचंही विसरले. ते ट्यूब जवळून पाहायला पुढे झाले, मान वर करून तिच्याखालीच उभे राहिले.

मामीनं पुस्तकातून वर पाहिलं.

"साहेब, बाजूले सरका जी," ती म्हणाली. "बायांचा उजेड अडवून राहिले तुम्ही."

साहेब सरकले.