बिनलगामी पोर आणि माझी ढोलकी

चौथीत शाळा सुटली, ढोलकी सुटली नाही. जन्मभर एअरपोर्टवर बॅगा उचलल्या, तरी बोटं शाबूत आहेत. इथं लंडनला, हाउन्सलोत मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की ठेका मीच धरतो. दुसऱ्याने धरलेला मला चालत नाही.

गेल्या संक्रांतीला दुपारी हॉलमध्ये एक पाहुणा गायला उभा राहिला. एडिनबराहून आलेला, माझ्या बायकोच्या माहेरच्या गावचा. माझ्याच वयाचा, पण डोईवर सगळे केस. "आमच्या गावचं गाणं आहे," तो माइकवर म्हणाला, "तरुणपणी मीच बांधलंय."

घोड्यावर बसली बिनलगामी पोर,
साऱ्या गावाला लागला घोर.

दुसऱ्या कडव्यात ती पोर मळ्यातला ऊस मोडून पळते, तिसऱ्यात पाटलाच्या विहिरीत उडी घेते. तिथं माझी बोटं थबकली. पाटलाच्या विहिरीत उडी घेऊन बापाचा मार खाल्लेली पोर मला एकच ठाऊक आहे. ती समोर खुर्चीवर बसून टाळ्या देत होती. माझ्या ढोलकीला तिनं आजवर कधी टाळी दिली नाही.

मग मी लय वाढवली. ढोलकी पळाली की गाणाऱ्याला पळावंच लागतं. चौथ्या कडव्याला त्याचा श्वास तुटला, खोकत खाली बसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात बायको उठली. पदर खोचला आणि राहिलेलं कडवं माझ्याच लयीत उचललं. मी आणखी पळवलं, तीही पळाली. एक शब्द अडला नाही. शेवटी थकली ती माझी बोटं.

बसमध्ये मी विचारलं, "ते गाणं तुझ्यावर बांधलेलं?"

"असेल. विहिरीत उड्या काय मी एकटीच मारत होते?"

"कडवी बरी सगळी पाठ आहेत."

"चांगलं गाणं पाठ होतं. तुम्ही बांधलंत का कधी एखादं?"

मी दोन स्टॉप आधीच उतरायची बेल दाबली.

घरी तिनं गरम पाण्यात मीठ टाकून माझी बोटं बुडवली. "पुढल्या वेळी जरा बेतानं वाजवा," म्हणाली, "त्यांना दमा आहे."

दम्याचं हॉलमध्ये कोणी बोललं नव्हतं. हिला कुठून कळलं, हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. पुढच्या संक्रांतीला तो परत येणार आहे, हेही तिनंच सांगितलं. ढोलकी मी आत्तापासून आवळून ठेवलीय.