सोझारची शपथ

आमच्या स्वानेतीत, या उंच डोंगरांच्या मुलखात, चर्चची किल्ली धर्मगुरूकडे नसते. गाव एका माणसाला निवडतं आणि तो देवदूताच्या चांदीच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतो, की मरेपर्यंत गाव सोडणार नाही. सोझारने ती ऐन पंचविशीत घेतली. त्या दिवशी आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो होतो.

चर्च केवढंसं! आठशे वर्षांचं दगडी, आत दहा माणसं दाटीने उभी राहतील एवढं. पण पिढ्यान्‌पिढ्यांची खुनाची वैरं तिथेच मिटली. त्या तसबिरीसमोर खोटं बोललं की वंश बुडतो, हे आमच्या दुधपित्या पोरांनाही ठाऊक.

मग एका हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळला आणि अर्धं गाव गाडलं गेलं. वाचलेल्यांतली बहुतेक घरं एकेक करून खाली सपाटीच्या मुलखात उतरली. सोझारची बायको त्सिउरीही लेकीला घेऊन निघाली.

"येताय की नाही?"

सोझारने किल्ली मुठीत धरली.

"मग बसा तुमच्या देवदूताला राखत!"

पुढे लेकीचं, नातेलाचं, खाली लग्न ठरलं. सोझार म्हाताऱ्या बिमुर्झाकडे आला.

"काका, आठवडाभर किल्ली सांभाळता?"

"एकदा हातात घेतली की गळ्यातच पडायची. नको रे बाबा."

बाकीच्या घरांतूनही तेच उत्तर.

"मग मोकळं तरी करा मला!"

"शपथ आमची घेतली होतीस? ज्याची घेतलीस त्याला विचार," बिमुर्झा म्हणाला.

सोझारने चर्चमध्ये जाऊन आतून कडी लावून घेतली. त्याचं ओरडणं खालच्या कुरणापर्यंत ऐकू येत होतं. बाहेर आला तेव्हा घसा बसला होता.

"काय म्हणाला?" बिमुर्झाने विचारलं.

"तो कशाला बोलतोय!"

लग्नाच्या आदल्या दिवशी नवा सदरा घालून तो गावच्या वेशीवरच्या पुलापर्यंत गेला. सपाटीकडे जाणारी गाडी थांबली, ड्रायव्हरने दार उघडलं. सोझारने पायरीवर पाय ठेवला, काढला आणि चढ चढून परत आला.

महिन्याने नातेला नवऱ्यासह वर आली. सोझारने तिच्यासाठी चर्च उघडलं, मेणबत्त्या लावल्या.

"बाबा, आता तरी चला. कोण उरलंय इथे?"

"तो आहे."

"चांदीचा पत्रा आहे तो!"

सोझारचा हात उगारला गेला, हवेतच थांबला. मग त्याने तिचं डोकं छातीशी धरलं. "हळू बोल गं," एवढंच म्हणाला.

ती रडतच गेली. पुन्हा आली नाही.

आता तो सत्तरीला टेकलाय. चर्चच्या ओट्यावर बसलेला असतो. जाता-येता आम्ही लांबूनच हात करतो. जवळ कुणी थांबत नाही. न जाणो, किल्ली पुढे करायचा.