चौकात उभे सोनकुसरे काका

जेवणाची टेबलं शेतघराच्या अंगणात मांडून झाली होती आणि उतारावरून भलतेच लोक येऊन राहिले होते.

आधी दोघं आले. मग पाच-सहा. मग विचारूच नका. आमच्या ग्रुपच्या जर्सी संत्र्याच्या रंगाच्या, आमच्या बॉसची आयडिया. आणि हे सगळे निळे. त्यातले एक पांढऱ्या मिशीचे आजोबा सायकलवरून उतरले, टेबलावरचा ब्रेड बघून खूश झाले, मला इंग्रजीत म्हणाले, "यंदा जागा बदलली? छान केलं." आणि खुर्ची ओढून बसलेसुद्धा.

ब्रेड आमचा होता.

मी सायकल टूर लीडर. ऑफिस नागपुरात, मिहानच्या बाजूला. काम काय, तर आपल्या लोकांना फ्रान्सच्या डोंगरातून, जंगलातून सायकलवर फिरवून आणायचं. याला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे सोप्या भाषेत मुरूम. सायकलचं हँडल रेसच्या सायकलसारखं वाकडं, पण टायर जाड, म्हणून मुरमावर घसरत नाही. रस्त्यावर गाडी नाही, स्कूटर नाही, हॉर्न नाही. आपल्याकडे मुरमाचा रस्ता दिसला की लोक नगरसेवकाला शिव्या घालतात. त्याच रस्त्यासाठी ते विमानानं जातात आणि मी त्यांच्यापुढं सायकल चालवते. तक्रार नाही, माझं घर त्यावर चालतं.

आता या निळ्यांकडे येते. तिथल्या गावात सिल्व्ही मॅडमचं गेस्टहाऊस आहे. आम्ही तिथंच उतरतो, सायकली त्यांच्याकडूनच घेतो. त्यांचे मिस्टर बर्नार, गावच्या सायकल क्लबचे अध्यक्ष. आमच्या रूटचा मोठा तुकडा एका खासगी जंगलातून जातो, आणि जंगलाचा मालक आम्हाला जाऊ देतो ते फक्त बर्नारच्या शब्दावर. गेल्या वर्षी त्या रविवारी क्लबची वार्षिक राइड होती. त्यांचा रस्ता आणि आमचा रस्ता जंगलातल्या एकाच चौकात एकमेकांना छेदत होता. त्यांनी डावीकडे वळायचं, तसे बाण जमिनीवर मारलेले. आम्ही उजवीकडे.

आणि त्या चौकात मी सोनकुसरे काकांना उभं केलं होतं.

ही आमच्या धंद्यातली साधी पद्धत आहे. वळण आलं की ग्रुपमधल्या एका माणसाला तिथं उभं करायचं. त्याने मागच्यांना हात दाखवायचा. सगळ्यांच्या शेवटी आमचा नितीन येतो, त्याला स्वीप म्हणतात. तो आला की उभ्या माणसाची ड्यूटी संपली. काका नागपूरच्या सक्करदऱ्याचे. घराणं विणकरांचं, पण यांचा हातमागाशी संबंध आला नाही. नोकरी सगळी उमरेडच्या बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीत गेली. वेळेचे पक्के, जागचे हलणार नाहीत. मी त्यांना पिवळं जाकीट चढवलं आणि निर्धास्त पुढं निघून आले.

तेवढ्यात सिल्व्ही मॅडमचा फोन आला.

"वैशाली, आमचे लोक फूड स्टॉपवर पोचलेच नाहीत. बर्नार तिथून घरी परत आला. तुला कुणी दिसलं का?"

"दिसले."

"किती?"

मी अंगणात नजर फिरवली. "बहुतेक सगळेच."

मॅडमनी फोन ठेवून दिला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाच मिनिटांत नागपूरहून बॉसचा फोन.

"काय लफडं केलं गा तिकडं?" पराग सर चिडले की बाई-माणूस बघत नाहीत, सगळ्यांना गा म्हणतात.

"सर, बघते."

"बघते नाही. त्या बाईनं मनावर घेतलं ना, तर जंगल बंद. जंगल बंद म्हणजे आपलं फ्रान्स बंद. मग तू बस ऑफिसात, लोकांची तिकिटं काढत."

ते तिकिटाचं टेबल मी चार वर्षं केलंय. परत तिथं बसायचं नव्हतं. सायकल उचलली आणि आल्या रस्त्यानं चढ चढायला लागले. मुरमावर चढ चढताना उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, म्हणून बुड टेकूनच चढावं लागतं. रडू येत होतं आणि दमही लागला होता. दोन्ही एका वेळी जमत नाही, म्हणून रडले नाही.

चौकात पोचले तर काका ऐन रंगात. एक निळी जोडी समोर थांबलेली, बाई फ्रेंचमध्ये काहीतरी विचारत होती आणि काका उजवीकडे अख्खा हात लांब करून सांगत होते, "सीधा जाव, उतार लगेगा, घाबरना नहीं!" जोडी "मर्सी, मर्सी" करत उजवीकडे निघणार, तेवढ्यात मी ब्रेक दाबून त्यांना डावीकडे वळवलं.

"काका, काय करून राहिले हे?"

"लोक विचारून राहिले, मी सांगून राहिलो."

"काय विचारत होते ते?"

"आता ते मले काय माहीत?"

"मग तुम्ही सांगितलं काय?"

"रस्ता! चौकात उभ्या माणसाले दुसरं काय विचारतात वं, पोरी? भाव?"

"अहो, पण त्यांचा रस्ता वेगळा होता! माहीत नाही म्हणायचं ना!"

काकांचा चेहरा पडला. मी त्यांच्या खानदानाला काही बोलले असते तरी एवढा पडला नसता.

"माहीत नाही? पिवळं जाकीट घालून? माणूस एवढ्या दुरून सायकल मारत आला, आन् मी त्याले माहीत नाही म्हणू? काहून?"

नागपुरात कुणाला पत्ता विचारून बघा. माहीत नसेल तर तो आणखी दोघांना बोलावेल, पण नाही म्हणणार नाही. तिघं मिळून तुम्हाला चुकीच्या गल्लीत घालतील आणि वर चहा पाजतील. त्यात नितीनचा पत्ता नव्हता. मागं कुणाचं तरी टायर बसलं होतं आणि तो तिथं अडकला होता. म्हणजे काकांना आख्खा क्लब वळवायला भरपूर वेळ मिळाला.

तेवढ्यात व्हॅन आली. बर्नार उतरले आणि मागून सिल्व्ही मॅडम. दोघांचे चेहरे पांढरे. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी. पण भानगड वेगळीच होती. शेतघरावर फोन करून त्यांनी माणसं मोजायला लावली होती. मी वळवलेली जोडी सोडली तर एक कमी होतं. बर्नारची आई. सत्तरी ओलांडलेली, एकटीच सायकल चालवते, फोन जवळ ठेवत नाही.

जंगल मोठं, नेटवर्क शून्य, आणि बाई गेली ती आमच्या माणसाच्या हातवाऱ्यावर. मला तिकिटाचं टेबलही आठवेना.

"काका, एक म्हातारी बाई पाहिली?"

"लाल हेल्मेट? समोर टोपली?"

"हो!" सिल्व्ही मॅडमला मराठी येत नाही, पण डोक्यावर आणि हँडलसमोर गेलेला काकांचा हात बघून त्या माझ्याआधी ओरडल्या.

"ते बाई? भल्ली जिद्दी!" काका आता तक्रारीच्या सुरात आले. "हाका मारल्या, मागं पळलो, तरी ऐकलं नाही. डावीकडं गेली. वरून मले असा हात करून गेली."

आणि काकांनी तो हात करून दाखवला. माशी हाकलतात तसा.

बर्नार व्हॅनला टेकून एवढे हसले की डोळ्यात पाणी आलं. त्यांना भाषांतराची गरजच नव्हती. तो हात त्यांनी जन्मभर पाहिला होता.

फूड स्टॉपवर जाऊन बघतो तर आजीबाई सूप पीत बसल्या होत्या. सगळ्या क्लबमध्ये स्वतःच्या अकलेनं बरोबर जागी पोचलेल्या त्या एकट्याच, आणि बाकीच्यांना बाण वाचता येत नाहीत म्हणून वाढणाऱ्यांना रागे भरत होत्या. चौकातल्या माणसाबद्दल त्यांचं मत सिल्व्ही मॅडमनं मला सांगितलं: माणूस सज्जन, आत्मविश्वास दांडगा, माहिती शून्य.

मग सूपची भांडी आणि चीज व्हॅनमध्ये टाकून आम्ही शेतघरावर नेलं. निळे आणि संत्री एकत्र जेवले. काकांनी बॅगेतला चिवडा काढला आणि पहिली मूठ आजीबाईंच्या ताटलीत घातली. त्यांनी परत तोच हात केला, मग खाल्ला, मग ताटली पुढं केली.

निघताना सिल्व्ही मॅडमनं निकाल दिला. जंगल सुरू राहील. अट एकच, चौकात हे गृहस्थ नकोत. पराग सरांनी फोनवर "हुश्श, बाप्पा!" म्हटलं. काका मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा रिस्क नको म्हणून त्या चौकात मी स्वतः उभी राहिले. "माहीत नाही"चं फ्रेंच चांगलं घोकून गेले होते. एक बाई सायकल थांबवून काहीतरी विचारू लागली, बिचारी घामाघूम झालेली, चेहऱ्यावर एवढी आशा. मला एक अक्षर कळलं नाही. घोकलेलं वाक्य जिभेवर आलं, पण तिच्याकडे बघून बाहेर काही पडेना.

मी हात लांब करून रस्ता दाखवला.