न टाकलेली गुगली

बारक्याला लेगस्पिन कुणी शिकवली नाही. शिकवायला होतंच कोण? घरामागे एका गोदामाची लांबलचक भिंत होती. शाळेतून आला की दप्तर भिरकावून तो अंधार पडेपर्यंत त्या भिंतीवर चेंडू टाकत बसायचा. टप्पा पडला की चेंडू सरळ जायचं सोडून बाजूला वळतो, ह्याचा त्याला एकदा नाद लागला तो लागलाच. गोदामाचा राखणदार आधी ओरडायचा, मग ओरडून कंटाळला, आणि शेवटी खुर्ची टाकून बसायला लागला. "आज वळत नाहीये रे तुझा," असं वर ऐकवायचा.

पोरगं काडीपैलवान, म्हणून थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, त्याला बारक्या म्हणायला सुरुवात केली. ते नाव कायमचं चिकटलं. पुढे पेपरात त्याचं खरं नाव छापून यायला लागलं, तेव्हा घरातल्यांनाच क्षणभर प्रश्न पडायचा की हा कोण बुवा!

आणि ताईचं लग्न ठरलं कुणाशी? तर एका विकेटकीपरशी! आता बोला. मुलगा रंगाच्या कारखान्यात नोकरीला, कारखान्याच्या संघात स्टंपांमागे उभा राहणारा. घरचे नोकरी, माणसं, स्वभाव विचारत होते, आणि बारक्याने काय विचारावं? "स्पिनला स्टंपाजवळ उभे राहता, की मागे पळता?" ताईने तिथेच त्याला कोपर मारलं. नवरामुलगा मात्र मनापासून हसला. "मागे पळणारा कीपर म्हणजे मैदानाबाहेरचा प्रेक्षकच की," तो म्हणाला. झालं, बारक्याच्या बाजूने लग्न पक्कं झालं.

ह्या भावोजींनीच पुढे त्याला कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटवलं. सकाळी हजेरी लावायची, डब्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, जेवण झालं की दोघांनी नेटवर सरावाला पळायचं. हाताला टर्पेंटाइनचा वास असायचा. करंगळीशेजारच्या बोटाची कातडी चेंडूच्या शिवणीने सारखी फाटायची आणि टर्पेंटाइन लागलं की अशी काही झोंबायची की बारक्या एका पायावर नाचायचा. तरी बोलिंग कधी चुकवली नाही पठ्ठ्याने.

मैदानावरसुद्धा तो भावोजींना अहो-जाहो करायचा. "भावोजी, जरा डावीकडे सरकता का?" अख्खा संघ फिदीफिदी हसायचा. हसता हसता संघानेच त्यांना भावोजी करून टाकलं. दोघे प्रांताच्या संघात गेले, तर तिथेही तेच. एकदा तर अंपायर म्हणाले, "भावोजी, अपील जरा हळू करा, कान बसले माझे."

त्या जोडीची खरी कमाई होती गुगली. लेगब्रेक बॅट्समनपासून बाहेर वळतो. गुगली दिसायला तशीच, हातही तसाच येतो, फक्त मनगट किंचित जास्त फिरतं आणि चेंडू उलटा आत घुसतो. ओळखायची तर हातातूनच ओळखावी लागते. टप्पा पडल्यावर सगळा उशीर. बॅट्समन फसला तर विकेट, पण कीपर फसला तर चेंडू थेट तोंडावर. तेव्हा हेल्मेट कसलं नि काय! बारक्याची गुगली त्याच्या हातात ओळखणारा जगात एकच माणूस होता. भावोजींनी ग्लोव्हने उजवा गाल खाजवला की समजायचं, बॅट्समन आता झोपलाय, टाक. बारक्या टाकायचा, बॅट्समन पुढे यायचा, आणि मागे वळून बघतो तो बेल्स खाली.

काय दिवस होते ते! सामना संपवून घरी आले की स्वयंपाकघरात बसून दोघांचा तोच सामना पुन्हा सुरू. चेंडू म्हणून ताईचा कांदा घ्यायचे. मनगट असं होतं, नाही, तसं होतं, चालायचंच. ताई सुरी घेऊन उभी. "तो कांदा खाली ठेवा आधी, मला चिरायचाय!" बारक्या पुढे पुष्कळ खेळला, पण त्या स्वयंपाकघरातला आनंद त्याला पुन्हा कुठे मिळाला नाही.

मग एका सामन्यात गुगली उसळली आणि भावोजींच्या डाव्या डोळ्याखाली बसली. सगळे म्हणाले, खेळपट्टी खराब. पण बारक्या समोर होता ना, त्याने बघितलं होतं. चेंडू हातातून सुटला तेव्हाच भावोजी उलट्या बाजूला सरकले होते. त्यांना मनगट दिसलंच नव्हतं.

त्या मोसमातला शेवटचा सामना तोंडावर आला होता, आणि देशाचा संघ निवडणारे नेमके तो बघायला येणार होते. ते कुणासाठी येतायत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आदल्या दिवशी ताई स्टोअरच्या दारात येऊन उभी राहिली. कारखान्यात ती कधीच यायची नाही.

"ह्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सैल झालाय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, तिथे पुन्हा मार बसला तर डोळा गेलाच. ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, बारक्याचा सामना आहे, दुसऱ्या कुणाला त्याची गुगली कळायची नाही."

"मग मी बोलतो त्यांच्याशी."

"अजिबात नाही! मी तुला सांगितलं हे कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत ते." आणि मग, त्याच्याकडे न बघता, ती म्हणाली, "तू तेवढी... ती टाकू नकोस ना."

तेवढी! बारक्याची सगळी मिळकतच ती होती. पण लहानपणी ज्या बहिणीने त्याच्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भांडणं घेतली, ती आज पहिल्यांदा काही मागत होती. तो "बरं" म्हणाला.

सामन्यात समोर उभा राहिला तो एक जाडजूड बॅट्समन. त्याला सगळे तिजोरी म्हणायचे, कारण काही केल्या उघडायचा नाही. बारक्याने लेगब्रेकवर लेगब्रेक टाकले. तिजोरी खाली मान घालून सोडत राहिला, अडवत राहिला. भावोजींनी गाल खाजवला. बारक्याने लेगब्रेक टाकला. भावोजींनी पुन्हा खाजवला, मग जोरात खाजवला, शेवटी बिचाऱ्यांचा गाल लाल झाला. बारक्या त्यांच्याकडे बघायचंच टाळत होता. चहाच्या आधी एकदा तिजोरी चक्क पुढे आला आणि चुकला. तो लेगब्रेक वळला नाही, खाली राहून सरपटत पायांमधून गेला, आणि भावोजींच्याही बाजूने निसटून सीमेपार; हातचं स्टंपिंग हुकलं. संध्याकाळपर्यंत तिजोरी तसाच बंद. निवड करणाऱ्यांपैकी एक जण जाताना म्हणाला, "पोरगा चांगला आहे, पण एकच बॉल टाकतो." बारक्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि बूट सोडत बसला.

त्याच्याऐवजी दुसरा कुणी निवडला गेला आणि तिथे ठाण मांडून बसला. भावोजींनी गुडघ्याचं निमित्त करून खेळ सोडला. बारक्या पुढे वर्षानुवर्षं प्रांतासाठी खेळला, नवा कीपर मागे उभा करून गुगलीही टाकली, ढिगाने विकेट काढल्या. पण देशाची टोपी काही डोक्यावर आली नाही. खांदा दुखायला लागला तेव्हा एक दिवस कप्तानाने चेंडू दुसऱ्याच्या हातात दिला, आणि बारक्या मुकाट्याने सीमारेषेवर जाऊन उभा राहिला. मग होतंच आपलं स्टोअर, रंगाचे डबे.

आणि भावोजींनी काय करावं? घरात चार माणसं जमली की तोच विषय! "ह्याने त्या दिवशी गुगली टाकलीच नाही. घाबरला! ऐन वेळी शेपूट घातली!" लग्नकार्य म्हणू नका, बारसं म्हणू नका. बारक्याची बायको रागाने लाल व्हायची. बारक्या मात्र नुसता हसायचा. कधीकधी रात्रभर आत काहीतरी जळत राहायचं, नाही असं नाही. पण ताईकडे बघितलं की वाटायचं, जाऊ दे, त्यांचा डोळा शाबूत आहे ना.

म्हातारपणी मात्र त्या डोळ्यांनी दगा दिलाच. आधी डावा, मग उजवा. आता भावोजींना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. बारक्या रोज दुपारी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचा. एका दुपारी क्रिकेटचं पान निम्म्यावर आलं असताना भावोजी म्हणाले, "ठेव तो पेपर. एक खरं सांग. तिजोरी पुढे आला होता ना, तेव्हा तू गुगली टाकली होतीस. मला दिसली नाही. मी सोडली. माझ्यामुळे तुझं सगळं गेलं."

बारक्या गारच पडला. "अहो, मग इतकी वर्षं चारचौघांत मला घाबरट म्हणत होतात ते?"

"तू एकदा तरी चिडशील म्हणून! 'टाकली होती, तुम्हीच सोडलीत,' असं तोंडावर म्हणाला असतास तर सुटलो असतो रे. तू आपला हसायचास. मला वाटायचं, पोरगा मला सांभाळून घेतोय."

"नव्हती टाकली, भावोजी. ताईची शपथ. लेगब्रेकच होता, खाली राहिला."

"मग टाकली का नाहीस? आणि घाबरलो म्हणू नकोस. जगाला सांगत फिरलो, पण माझा स्वतःचा त्यावर कधी विश्वास बसला नाही."

बारक्या पेपरची घडी घालायला लागला. ताई भिंतीला टेकून बसली होती. तीच म्हणाली, "मी सांगितलं होतं त्याला. तुमच्या डोळ्याचं."

भावोजींनी आवाज आला त्या दिशेला तोंड केलं. "एकच डोळा गेला असता ना? दुसरा होता की मला. आणि आता बघा, दोन्ही गेलेत. काय वाचवलंत तुम्ही दोघांनी?"

ताईने पदर तोंडाला लावला. बारक्याला वाटत होतं, आयुष्यात आपण निदान एक गोष्ट तरी नीट केली. तीही हातातून गेली, आणि म्हाताऱ्या वयात त्याला हुंदका आवरेना.

भावोजींनी चाचपडत त्याचा हात शोधला. "मला विचारायचंस तरी रे एकदा," ते म्हणाले. "मी 'टाक'च म्हणालो असतो."

बारक्याला ते ठाऊक होतं. म्हणूनच तर त्याने विचारलं नव्हतं.