फोटोतले खांदे

दवाखान्यात आत नेताना हे मला म्हणाले, "मॅडम, माझ्या टीमला हात लावायचा न्हाई हां." नर्ससुद्धा हसली. मी इंग्रजी शिकवायचे म्हणून हे मला घरातही मॅडमच म्हणत. ते यांचं शेवटचं बोलणं ठरलं...

ही टीम कॉम्प्युटरवरची. रिया, मागच्या खेपेला आरवनेच सावेडीला आम्हा आजी-आजोबांच्या घरी तो जुन्या अमेरिकन बेसबॉलचा गेम घालून दिला. कित्येक वर्षांपूर्वीचे खरे खेळाडू, कोवळ्या वयातले. दर सीझनला त्यांतले नवे निवडायचे. एक संघ यांचा, एक माझा. निवडलेला मुलगा पुढे कसा घडेल याचं सेटिंग त्याने समजावलं होतं. एक 'इतिहासाप्रमाणे', म्हणजे तो प्रत्यक्षात जसा खेळला तसाच खेळणार. दुसरं मोकळं, कोण चमकेल, कोण विझेल, कुणालाच ठाऊक नाही. आम्ही मोकळं ठेवलं. "आधीच म्हाईत असंल तर मजा काय?" हे यांचेच शब्द.

हे पुणतांब्याच्या शेतकऱ्याघरचे, नगरला शाळेत खेळाचे शिक्षक होते. पोराकडे एकदा पाहिलं की त्याचं पुढे काय होणार ते सांगतात, अशी यांची ख्याती. गेममध्येही तेच. निवडीच्या आधी मोबाईल घेऊन अंगणात एक फेरी मारायचे, आत येऊन एखाद्या धूसर फोटोवर बोट ठेवायचे. "खांदे बघा याचे. हा लई पुढं जातोय." आणि तो जायचाच. मी आकडे मांडून निवडलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पुढच्या वर्षी ढेपाळायचा. हे चिडवायचे, "मॅडम, तुमचं गिऱ्हाईक आलं परत बाकावर!" मी चिडायचे, पण मनातून अभिमान वाटायचा. गेल्या सुट्टीत, रिया, तू अंगणात चेंडू फेकून दाखवलास तेव्हाही यांनी असंच पाहिलं. "पोरी, तुझ्या हातात न्हाई हे. अभ्यास कर." परत गेल्यावर तू शाळेच्या संघातून नाव काढून घेतलंस. आम्ही कुणी वाद घातला नाही. यांना कळतं, एवढंच.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. अर्धवट राहिलेला सीझन संपवावा म्हणून बसले. आवाज कमी करायला सेटिंगमध्ये गेले, तर तिथे 'इतिहासाप्रमाणे'वर खूण. आरवला फोन केला. "हे आपोआप बदलतं का रे?" "नाही आजी, कुणीतरी बदलावं लागतं." टीमला हात का लावायचा नव्हता, ते तेव्हा उमगलं. अंगणातल्या फेऱ्याही उमगल्या. मोबाईलवर त्या मुलाचं अख्खं आयुष्य वाचून यायचं, आणि मग म्हणायचं, खांदे बघा.

शेजारच्या वहिनी म्हणतात, म्हातारपणची गंमत, सोडून द्या. हरल्याचं मला काही नाही. पण यांच्या नजरेवर विश्वास ठेवून मी अख्खा संसार केला. मैदानावर किती पोरांना यांनी बाजूला बसवलं... तेव्हा तरी खरंच काही दिसत होतं का? मला भांडायचं आहे, आणि समोर हार घातलेला फोटो आहे.

आता सेटिंग मोकळं केलंय. यांच्या खुर्चीत बसून मी एक किडकिडीत, चष्मा लावणारा पिचर घेतला. आरव म्हणतो, प्रत्यक्षात तो एकाच सीझननंतर घरी गेला होता. काल त्याने भरपूर मार खाल्ला. आज पुन्हा तोच खेळणार आहे.

रिया, तुमच्या शाळेच्या संघाची निवड पुन्हा कधी असते?