दुमित्रूच्या पिशवीतलं सोनं

तुम्ही केलेल्या गोष्टीचा आळ दुसऱ्याच्या डोक्यावर बसताना तुम्ही कधी समोर उभं राहून बघितलंय? आणि तोंड मिटून राहिलायत? नाही म्हणायची घाई करू नका. सुप्रभा कुलथेला हा प्रश्न कोणी विचारला असता, तर तिनं विचारणाऱ्याचीच कॉलर धरली असती.

बर्मिंगहॅमच्या एका डेपोत सुप्रभा चोवीस वर्षं बस चालवतेय, आणि त्यातली सोळा वर्षं ती युनियनची रेप, म्हणजे कामगारांची प्रतिनिधी, होती. मूळची इचलकरंजीची. शिक्षण बारावी, तेही रखडत. पण कामगार कायद्याचं जाडजूड पुस्तक तिनं कँटीनच्या टेबलावर डिक्शनरी शेजारी ठेवून पानन्‌पान वाचून काढलं. एखाद्या ड्रायव्हरवर खोटा ठपका आला की ती मॅनेजरच्या खोलीत शिरायची आणि खुर्चीत बसायच्या आधीच सुरू व्हायची. तिच्या रागाला डेपो घाबरायचा आणि त्याच रागावर डेपोचा जीवही होता. सतरा जणांच्या नोकऱ्या तिनं वाचवल्या. हा आकडा ती न विचारताही सांगायची.

जमिनीतला धातू हुडकणारा डिटेक्टर तिच्या हातात दिला तो नवऱ्यानं, हरीशनं. पन्नासाव्या वाढदिवसाला, सेकंडहँड. "तापलेलं डोकं घरात आणण्यापेक्षा माळावर फिरवून आण," म्हणाला. तिनं आधी तोंड वाकडं केलं आणि महिन्याभरात रविवारची भाजी आणायचीही विसरायला लागली. हेडफोन लावायचे, तबकडी जमिनीलगत हलवत चालायचं. खाली लोखंड असलं की यंत्र घोगरं गुरगुरतं. शिसं नाहीतर सोनं असलं की स्वच्छ, गोल सूर निघतो. नव्याण्णव वेळा ते शिसंच असतं, कोणीतरी कधीतरी झाडलेल्या बंदुकीचे छर्रे. पण शंभराव्या वेळेसाठी माणूस चिखलात गुडघे टेकतो.

तिच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबची मंडळी वर्षातून दोनदा मिनीबस करून स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगरात जायची. तिथल्या एका इस्टेटीत ओढ्यात खरंखुरं सोनं वाहून येतं. कण, क्वचित खडा. इस्टेटीनं क्लबला परवानगी दिली होती आणि अट एकच घातली होती. पाण्यातली खडी हवी तेवढी उपसा, चाळा, पण काठाला हात लावायचा नाही. काठ खणला की पहिल्या पुरात दरड खाली येते, गाळानं माशांची अंडी गुदमरतात, ओढा मरतो. म्हणून दोन्ही बाजूंनी लाल डोक्याच्या खुंट्या ठोकलेल्या असायच्या. खुंटीपलीकडे जायचं नाही. सापडेल ते इस्टेटीच्या राखणदाराला, वॉर्डनला, दाखवायचं, तो वहीत लिहील, मग तुमचं.

दुमित्रूला क्लबात सुप्रभानंच आणलं. तो रोमानियाचा, डेपोत गाड्या धुणाऱ्या कंत्राटदाराकडे कामाला. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, डाव्या भुवईत जुना व्रण. बायको आणि मुलगी तिकडे गावी. कामाच्या तासांवरून त्याचा कंत्राटदाराशी वाद झाला तेव्हा सुप्रभा त्याच्यासाठी भांडली आणि जिंकली. सतरा जणांतला शेवटचा तोच. तेव्हापासून तो तिच्यावर देवासारखा विश्वास ठेवायचा. क्लबात दोन वर्षं आला, पण त्याच्या कुपीत सोन्याचा एकही कण पडला नव्हता. मुलीला फोनवर दाखवण्यापुरता तरी एक मिळू दे, असं हसत म्हणायचा.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. ओढ्यावर पोचल्या पोचल्या क्लबचा म्होरक्या मॅल्कम जागा वाटायला लागला. स्वभावानं वाईट नव्हे, पण सांगायची सवय फार. सुप्रभाला म्हणाला, बायकांनी आपलं वरच्या उथळ पाण्यात उभं राहावं, खाली ओढ जास्त आहे. झालं. अठरा टनांची बस बर्फात चालवणाऱ्या बाईला हा पाण्याची ओढ शिकवणार! तिनं दोन सणसणीत वाक्यं त्याच्या अंगावर फेकली, डिटेक्टर उचलला आणि तरातरा खालच्या वळणाकडे निघून गेली, जिथून कोणी दिसत नव्हतं.

रागात माणूस चालतो ते सरळ रेषेत. खुंट्या कधी ओलांडल्या हे तिला कळलं नाही, असं ती नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होती. खोटं. कळलं होतं. तबकडी काठावरून गेली आणि कानात तो गोल सूर वाजला. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि खुरपं काढलं. हातभर खोल गेली. पिवळी चिकणमाती, तीत अडकलेला गारगोटीचा तुकडा आणि त्याच्याखाली तो. वाटाण्याएवढा, वेडावाकडा, मऊ पिवळा. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड. सोनं ओळखायला मराठी बाईला पुस्तक लागत नाही.

पहिले दोन क्षण नुसता आनंद. तिसऱ्या क्षणी आई आठवली.

सापडलेलं सोनं घरात आणायचं नाही, असं तिची आई सांगायची. सापडलेलं सोनं मागे काहीतरी ओढून आणतं. आईला एकदा रस्त्यात कानातलं फूल सापडलं आणि त्याच आठवड्यात वडील जिन्यावरून पडले. तेव्हा आईनं ते फूल रव्याच्या लाडवात घालून लाडू देवळाशी बसणाऱ्या एका बाईला देऊन टाकला. गुप्तदान. घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही, देणाऱ्यानं बोलायचं नाही. बोललं की सगळं फुकट.

आता सुप्रभा म्हणजे अंधश्रद्धेवर कँटीनमध्ये भाषण देणारी बाई. शुक्रवारी तेरा तारीख आली की गाडी काढायला कुरकुरणाऱ्या ड्रायव्हरांची ती वर्षभर टर उडवायची. आणि तीच बाई मुठीत खडा धरून ओढ्याकाठी घामाघूम. घरी न्यायचा तर हरीशचं बायपास नुकतंच झालेलं. वॉर्डनला दाखवायचा तर कुठे सापडला हे सांगावं लागणार. पाण्यात फेकायचा तर लक्ष्मी पाण्यात कोण फेकतं? तिनं खड्ड्यात माती लोटली, वर दोन दगड टाकले आणि परत आली.

जेवायच्या वेळी सगळ्यांच्या पिशव्या एका सपाट खडकावर पडल्या होत्या. दुमित्रू हात धुवायला गेला होता. त्याची कमरेची पिशवी तोंड उघडं टाकून पडलेली. तिला एकदम सगळं सुटल्यासारखं झालं. अरे, दान करायला याच्याहून लायक माणूस कोण? खडीबरोबर आला असेल असं त्याला वाटेल, मुलीला दाखवेल, आयुष्यभर सांगेल. तिनं खडा त्याच्या पिशवीत सोडला. त्या वेळी तिला स्वतःचं कौतुक वाटलं, हे मुद्दाम सांगायला हवं.

जेवण संपतंय तोवर वॉर्डन खालून आला. चिडलेला नव्हता, थकलेला होता. खालच्या वळणावर काठ ताजा खणलाय, पाणी आत शिरलंय, म्हणाला. कोणी केलंय ते सांगितलं तर बरं. मग मॅल्कमनंच, क्लबचं नाव राखायला, सगळ्यांनी आपापल्या पिशव्या खडकावर उलट्या कराव्यात असं सुचवलं.

खिळे, छर्रे, बाटल्यांची झाकणं. दुमित्रूनं पिशवी झटकली आणि खडा खडकावर टणकन आपटून थांबला. त्याच्या खाचेत अजून ती पिवळी माती होती.

आणि तो हसला. हे सुप्रभाला अजून झोपू देत नाही. एक क्षणभर तो माणूस लहान मुलासारखा, तोंडभर हसला. दोन वर्षांनी त्याला सोनं मिळालं होतं. मग त्यानं मान वर करून इतरांचे चेहरे बघितले आणि हसू तिथेच विझलं.

"अशी माती फक्त काठात आहे," वॉर्डन म्हणाला.

मला माहीत नाही, हे कुठून आलं मला माहीत नाही, असं दुमित्रू तीनतीनदा सांगत राहिला आणि घाबरल्यावर व्हायचं तसं त्याचं इंग्रजी मोडायला लागलं. सोन्याला पाय नसतात, असं मॅल्कम पुटपुटला. मग दुमित्रू सुप्रभाकडे वळला.

"सुप्रभा, तू मला ओळखतेस. तू सांग यांना."

सतरा जणांसाठी गरजलेली बाई. ती आता हिशेब करायला लागली. खरं सांगायचं तर खुंटी ओलांडली हे कबूल करावं लागणार, तेही मॅल्कमसमोर. वर हेही सांगावं लागणार की लाडवातल्या सोन्यावर विश्वास ठेवून मी असं केलं. सगळ्या क्लबसमोर हसं. तिनं बुटांकडे बघितलं.

"मी काही तुझ्याकडे बघत नव्हते," ती म्हणाली.

यातला शब्दही खोटा नाही. म्हणूनच तो इतका हलकट.

परतीच्या पाच तासांत मिनीबसमध्ये दुमित्रूच्या शेजारची सीट रिकामी होती. सुप्रभा पुढे बसली. गुप्तदान बोलून दाखवायचं नसतं, असं ती स्वतःला बजावत राहिली. बघा, माणूस भित्रा झाला की धर्मही कसा त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला येतो!

क्लबनं दुमित्रूला काढलं. कोणीतरी फेसबुकवर टाकलं आणि डेपोत बातमी पोचली. त्याला नोकरीवरून कोणी काढलं नाही. काढलं असतं तर निदान लढता आलं असतं. त्याचं नुसतं नाव पडलं, नगेट, म्हणजे सोन्याचा खडा. तो लॉकर-रूममध्ये आला की कोणीतरी मोठ्यानं आपलं कुलूप ओढून बघायचं आणि बाकीचे हसायचे. या सगळ्यात सुप्रभा समोरच चहा पीत असायची. तो मान खाली घालून जायचा. तिच्याकडे तक्रार घेऊन तो आला नाही. रेपकडे माणूस विश्वासानं येतो, आणि तिच्यावरचा त्याचा विश्वास त्या खडकावरच उडाला होता.

तीन आठवड्यांनी तिनं हरीशला सांगितलं. तो आधी हसला, कारण हे सगळंच इतकं आपल्याकडचं होतं. मग चष्मा काढून पुसत बसला.

"त्याला दान दिलंस म्हणतेस," तो म्हणाला. "अगं, तू तुझी भीती त्याच्या पिशवीत टाकलीस."

ती भडकली, भांडी आपटली, त्याच्या बायपासचं निमित्त पुढे केलं. त्यानं फक्त, माझ्या छातीवर हे ठेवू नकोस, एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं इस्टेटीला पत्र लिहिलं, स्वतःच्या नावानिशी, खड्डा किती खोल होता तेही. आणि कँटीनमध्ये, दुपारी सगळे जेवायला असताना, खुर्चीवर न चढता, टेबल न आपटता, पहिल्यांदाच हळू आवाजात सगळं सांगितलं.

कोणाला पटलं नाही.

एक जुना ड्रायव्हर तर तिच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "बस कर सुप्रभा. आपल्या माणसासाठी तू फासावरही जाशील, माहितीये आम्हाला." लोकांना वाचवायची ख्याती अशी आडवी आली. गुप्तदान म्हणजे काय ते तिनं इंग्रजीत सांगून बघितलं, तर ऐकणाऱ्याला ते लाच दिल्यासारखं वाटलं. स्वतःला मिळालेलं सोनं दुसऱ्याच्या पिशवीत टाकतं कोण? असं वेड्यासारखं कोण करतं? मॅल्कमला फोन केला तर तो म्हणाला की तुझा मोठेपणा आहे, पण माती खोटं बोलत नाही. इस्टेटीनं तेवढं तिचं पत्र खरं मानलं, तिच्यावर कायमची बंदी घातली आणि ओढा सगळ्याच क्लबना बंद केला.

दुमित्रू मात्र त्या दिवशी कँटीनमध्ये नव्हता. आदल्या शुक्रवारीच तो काम सोडून गेला होता. सुप्रभा हँड्सवर्थमधल्या त्याच्या खोलीवर गेली. मालकिणीनं दार अर्धवट उघडून सांगितलं, कुठेतरी पूर्वेकडे गेला, भाज्या पॅक करण्याच्या शेडमध्ये, बहुतेक लिंकनशरला. फोन लागत नाही. गेल्या हिवाळ्यात सुप्रभानं सुट्टीच्या दिवशी तीनदा तिकडे गाडी घातली, शेडच्या फाटकांवर उभी राहिली. पाळी सुटताना शेकडो माणसं एकाच रंगाच्या जाकिटात बाहेर पडतात. त्यांत तो दिसला नाही. डिटेक्टर तिनं विकला नाही, कोणाला दिलाही नाही. कोणाला काही द्यायचं म्हटलं की आता तिचा हात थांबतो. रेपचं पद मात्र तिनं सोडलं. कारण विचारलं की ती खरं कारण सांगते, आणि लोक समजूतदारपणे मान हलवतात.

इंग्लंडातल्या तुम्हा मराठी मंडळींपैकी कितीतरी जण त्या बाजूला राहतात, नोकरीला जातात, आठवड्याची भाजी घेतात. दुमित्रू नावाचा, डाव्या भुवईत व्रण असलेला उंच माणूस तुम्हाला कुठे भेटला, तर एवढं करा. सोन्याचं काही काढू नका, माफीचंही नको, ती मागायला सुप्रभा स्वतः येईल. त्याला फक्त सांगा की खड्डा तिनं खणला होता. आणि चार लोकांसमोर, मोठ्यानं सांगा.